नोंदवहीतल्या ‘बाप’ या नोंदींचा खुलासा

दिनांक : ३ मार्च २०२५

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
ज्येष्ठ नागरिक संरक्षण कक्ष (पश्चिम विभाग),
क्रांती चौकाजवळ, छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : तनुजा आप्पासाहेब औताडे, वय ३८, धंदा – शोभेच्या पानांची रोपे ऊती संवर्धनाने तयार करणे, रा. पडेगाव, दौलताबाद रस्ता.

विषय : अर्जदाराच्या प्रयोगशाळेतील ग्रोथ रूमचे सील काढण्याबाबत, तसेच नोंदवहीतील ‘बाप’ म्हणजे वडील नव्हेत, याबाबत.

संदर्भ :
१) श्री. आप्पासाहेब औताडे यांची दि. १७ फेब्रुवारीची तक्रार.
२) आपल्या कक्षाचा दि. २४ फेब्रुवारीचा पंचनामा व त्याच दिवशीचा आदेश.
३) अर्जदाराने दि. २५, २७ व २८ फेब्रुवारी रोजी समक्ष येऊन केलेली आणि आपण न ऐकलेली विनंती. (दि. २६ रोजी महाशिवरात्रीची सुट्टी होती. अर्जदार त्या दिवशीही येऊन आपल्या दाराचे कुलूप पाहून गेली.)

महोदय,

१. हा अर्ज अर्जदार दुसऱ्यांदा लिहीत आहे. पहिला अर्ज आपल्या खिडकीवरील लिपिक श्री. राजकुमार यांनी, “यात सगळीकडं मी, मी, मीच हाय. असा अर्ज चालत नसतो मॅडम. ‘अर्जदार’ लिवून आना,” असे सांगून परत केला. सबब अर्जदार आता स्वतःकडे तिऱ्हाईतासारखी पाहून लिहीत आहे. तक्रारदार श्री. आप्पासाहेब औताडे, वय ७६, हे अर्जदाराचे वडील आहेत. हे नाते येथे एकदा नमूद केले, ते पुरे आहे. यापुढे त्यांचा उल्लेख ‘तक्रारदार’ असाच होईल, कारण त्यांनीही आपल्या तक्रारीत अर्जदाराचे नाव घेतलेले नाही. सबंध दोन पानांत तिला ‘सदर मुलगी’ म्हटले आहे.

२. दि. २४ फेब्रुवारी रोजी सकाळी साडेअकरा वाजता आपण स्वतः, लिपिक व दोन पंच असे पडेगावला आलात. अर्जदाराला एकही प्रश्न न विचारता आपण प्रयोगशाळेची नोंदवही ताब्यात घेतलीत, ग्रोथ रूमचा, म्हणजे रोपांच्या बाटल्या ठेवायच्या खोलीचा, मेन स्विच पाडलात, दाराला कुलूप लावून त्यावर लाख ओतलीत. तक्रारदारांना ‘सुरक्षित स्थळी’ म्हणून अर्जदाराचा भाऊ विश्वजीत याच्या गाडीत बसवून त्याच्या शहरातल्या फ्लॅटवर पाठवलेत. आदेशात दोन अटी आहेत. पहिली, तक्रारदारांची लेखी ना-हरकत आल्याशिवाय सील निघणार नाही. दुसरी, अर्जदाराने तक्रारदारांना भेटायचे नाही, फोन करायचा नाही, निरोपही पाठवायचा नाही. म्हणजे ज्यांची सही हवी त्यांच्याकडे ती मागायची नाही. हा आदेश लिहिणाऱ्याने स्वतः एकदा तरी वाचला होता काय, याची माहिती अर्जदारास मिळावी.

३. आता ज्यावरून हे सर्व घडले त्याविषयी. अर्जदाराच्या प्रयोगशाळेत सिंगोनियम, कॅलेथिया, अ‍ॅग्लोनिमा अशा झाडांची रोपे होतात. लोक ती दिवाणखान्यात ठेवतात, बँकांमध्ये ठेवतात. आपल्या टेबलाच्या उजव्या हाताला जे धूळ बसलेले झाड आहे तेही सिंगोनियमच आहे व त्याला पाणी हवे आहे. झाडाच्या शेंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा काढून, निर्जंतुक करून, तो काचेच्या बाटलीत ठेवतात. बाटलीत साखर, क्षार आणि अगर घातलेली जेली असते. तिला मीडिया म्हणतात. या जेलीत जी अत्यल्प औषधे घालतात त्यांना संजीवके म्हणतात. कोणते संजीवक किती घातले यावर तो तुकडा फुटवे काढणार, मुळे सोडणार की नुसताच फुगून बसणार हे ठरते. एक लिटरला चार मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीत धरले तर दिसणारही नाही इतके. सगळा धंदा या चिमटीवर उभा आहे.

४. फुटवे काढणाऱ्या संजीवकाचे नाव बेंझिल अमिनो प्युरिन. त्याच्या डबीवर इंग्रजीत तीनच अक्षरे असतात : बी, ए, पी. अर्जदाराकडे मोनिका व सायली या दोघी काम करतात. दोघी पडेगावच्याच सुना, शाळा मराठीतून, हात इतके स्वच्छ की मोठमोठ्या पदवीधरांनी शिकावे. सन २०२२ मध्ये इंग्रजी चिठ्ठ्या वाचताना त्यांची एकदा गल्लत झाली आणि नऊशे बाटल्यांमध्ये फुटव्यांऐवजी नुसत्या मुळ्याच मुळ्या झाल्या. तेव्हा अर्जदाराने त्यांना सांगितले की जे अक्षर जसे तोंडात बसेल तसे मराठीत लिहा, चूक होणार नाही. बी-ए-पी त्यांच्या तोंडात ‘बाप’ असे बसले. मुळे आणणारे दुसरे संजीवक एन-ए-ए, त्याचा ‘नाना’ झाला. मूळ झाड ते ‘आई’ आणि फुटवे ती ‘पोरं’, हे तर दोघी आधीपासूनच म्हणत. तेव्हापासून आजपर्यंत एकाही बाटलीत चूक झाली नाही. चूक झाली ती थेट आपल्या कार्यालयात.

५. आपल्या आदेशात नोंदवहीतील काही नोंदी पुरावा म्हणून उद्‌धृत केल्या आहेत. अर्जदार त्यांचा क्रमाने खुलासा करते.

(अ) “बाप चार केला. पोरं लई फुटली.” संजीवकाचे प्रमाण लिटरला चार मिलिग्रॅम केले, फुटवे भरपूर आले. यापुढे आपण कंसात ‘चार वडील? खातरजमा करावी’ असे लिहिले आहे. खातरजमा झाली असल्यास कळवावे.

(ब) “बाप संपला. सोमवारी नवीन आणणे.” डबी रिकामी झाली. तक्रारदार तर पंचनाम्याच्या वेळी आपल्यासमोर खुर्चीवर बसून चहा पीत होते; ती कपबशीसुद्धा पंचनाम्यात आली आहे. तरीही आपण ही नोंद ‘जीविताबाबत गंभीर’ अशा शेऱ्याने अधोरेखित केलीत.

(क) “बाप घालून १२१ वर वीस मिनिटं उकळलं.” मीडिया वाफेच्या भांड्यात एकशे एकवीस अंशांवर निर्जंतुक केला. या नोंदीवरून आपण तक्रारदारांच्या अंगावर भाजल्याच्या खुणा आहेत काय, याची तपासणी शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून करवून घेतलीत. अहवालात खुणा नाहीत, पायाला एक जुने कुरूप आहे. ते अर्जदाराने केलेले नाही.

(ड) “बाप जास्त झाला, पोरं काचेवानी झाली. टाकून दिली.” संजीवक जास्त पडले की फुटवे पाणचट, पारदर्शक होतात आणि पुढे जगत नाहीत. ते फेकून द्यावे लागतात. या नोंदीची प्रत आपण बालकांच्या संरक्षणाचे काम पाहणाऱ्या विभागाला पाठवलीत. तेथील बाई परवा पडेगावला आल्या होत्या. त्यांनी कचऱ्याच्या टोपल्यात पाहिले, अर्जदाराकडे पाहिले, आणि “साहेबांना सांगा, आम्हालाही कामं असतात,” एवढे बोलून त्या गेल्या. हा निरोप अर्जदार आपल्यापर्यंत पोचवत आहे.

(इ) “बाप फ्रिजमधे खालच्या कप्प्यात.” याचा खुलासा अर्जदार करणार नाही. फ्रिज आपण स्वतः उघडून पाहिला आहे.

या सर्वांवरून आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात आपण जो निष्कर्ष काढला तो अर्जदार शब्दशः उतरवते : “सदर कुटुंबात वडिलांस ठरावीक प्रमाणात कमी-जास्त करण्यात येते असे दिसून येते.” हे वाक्य टंकलिखित आहे, त्यावर गोल शिक्का आहे आणि आपली सही आहे. हे लिहिताना कोणालाही हसू कसे आले नाही, हे अर्जदाराला आठ दिवस समजलेले नाही. मोनिका आणि सायलीला मात्र पहिल्या दिवशी हसू आले होते. दारावरची लाख पाहिल्यावर ते थांबले.

६. पंचनाम्यात ‘संशयास्पद पांढरी पावडर, एक किलो, चवीस गोड’ असा उल्लेख आहे. ती साखर होती. बरणीवर ‘साखर’ असे मराठीत लिहिले होते. ज्या पंचाने ती बोटाला लावून चाखली त्याने दुसऱ्यांदाही बोट घातले, हे मात्र पंचनाम्यात आलेले नाही. खऱ्या संजीवकाची डबी शेजारच्याच फळीवर होती, तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. चाखणाऱ्याचे नशीब बरे, एवढेच अर्जदार म्हणेल.

७. “बाप शून्य, नाना पाव” या नोंदीवरून आपण ‘नाना नामक इसम हा सदर कृत्यात सामील असून फरार आहे’ असे ठरवलेत आणि त्याचा शोध घेण्याचे पत्र गावात पाठवलेत. नोंदीचा अर्थ असा : फुटवे पुरेसे झाले की त्यांना मुळे आणायची असतात. त्या वेळी जेलीत बी-ए-पी शून्य ठेवतात व एन-ए-ए पाव मिलिग्रॅम घालतात. गावात नाना एकच आहेत, कडूबा नाना. ते अर्जदाराला नारळाच्या काथ्याचा भुसा आणून देतात. मुळे फुटलेली रोपे बाटलीतून काढल्यावर त्यात लावायची असतात. वय सत्तर, ऐकू कमी येते. त्यांना आपण दि. २७ रोजी बोलावून तीन तास बाकावर बसवलेत. “तुम्ही पाव का?” असे त्यांना विचारण्यात आले. “पाव मला चालत नाय साहेब, मी भाकरी खातो,” हा त्यांचा जबाब आपल्या दप्तरी अंगठ्यासह जमा आहे. कडूबा नानांनी अर्जदाराला भुसा देणे बंद केले आहे. त्यांचे म्हणणे, “पोरी, तुझ्या झाडापायी मला सरकारी बाकडं बघावं लागलं.”

८. “आईला बाप दोन दिला” या नोंदीवरून आपण अर्जदाराच्या आई सौ. द्वारकाबाई यांना जे विचारलेत ते अर्जदार येथे लिहू इच्छित नाही. आईंनी दिलेले उत्तर मात्र लिहिते, कारण ते आपण जबाबात गाळले आहे. आई म्हणाल्या, “मला एकच हाय साहेब, आन् तेवढाबी मला झेपंना झालाय.” आपण वयाने आईंहून धाकटे आहात. असा प्रश्न विचारताना निदान खुर्चीवरून उठायचे होते.

९. हसण्यावारी नेण्यासारखे येथवर होते. आता जे मरत आहे त्याविषयी. ग्रोथ रूममध्ये अ‍ॅग्लोनिमाच्या सहाशे बारा बाटल्या आहेत. हे झाड बाटलीत घालणे फार अवघड असते, कारण त्याच्या अंगातच जंतू असतात. तुकडा वरून कितीही धुतला तरी चार दिवसांत आतून सडतो. अर्जदाराने तीन वर्षांत तीनशे चाळीस तुकडे लावले. तीनशे एकोणचाळीस सडले. एक स्वच्छ निघाला. त्या एकाचे दोन, दोनाचे पाच, असे करत आज सहाशे बारा झाले आहेत. ज्या झाडाचा तो तुकडा होता ते झाड आता उरलेले नाही. या बाटल्या चोवीस ते सव्वीस अंशांत, ठरावीक उजेडात ठेवाव्या लागतात आणि दर चार आठवड्यांनी प्रत्येक फुटवा नव्या जेलीत हलवावा लागतो. मागची पाळी ८ फेब्रुवारीला झाली. पुढची ८ मार्चला आहे. आपण मेन स्विच पाडल्यापासून आत अंधार आहे आणि थंड हवेचे यंत्र बंद आहे. दाराला वीतभर काच आहे. अर्जदार रोज दुपारी दोन वाजता तिला डोळा लावून, बॅटरीच्या उजेडात आतला तापमापक वाचते. दि. २५ ला एकतीस होते. काल छत्तीस होते. पुढच्या फळीवरची पाने कडेने पिवळी पडू लागली आहेत, मागच्या फळ्या दिसत नाहीत. दार उघडण्याचा आपला अधिकार आहे आणि न उघडण्याचाही आहे, परंतु आठ तारखेनंतर उघडलेत तर आत उघडण्यासारखे काही राहणार नाही. अर्जदारास रात्री झोप लागत नाही, हे या अर्जात लिहायची पद्धत नसेल तर राजकुमार यांनी ते वाक्य खोडावे.

१०. तक्रारदारांविषयी अर्जदाराचे म्हणणे असे. तक्रारदारांची विहिरीजवळ पेरूची बाग होती व दौलताबादच्या बाजारात त्यांच्या पेरूला मान होता, हे खरे आहे. झाडे म्हातारी झाली, फळ गळू लागले, बाग दर वर्षी तोट्यात गेली, हेही खरे आहे; परंतु ते त्यांनी कधी मान्य केले नाही. बागेच्या जागी सावलीच्या जाळीखाली अर्जदाराची रोपे आली तेव्हापासून तक्रारदार अर्जदाराशी सरळ बोललेले नाहीत. जे बोलायचे ते आईकडे पाहून बोलतात. “ज्याला ना फूल ना फळ, आन् शेळीबी तोंड लावीत नाय, त्याला झाड म्हनायचं व्हय? पानं इकून कुनी संसार केलाय का?” हे वाक्य अर्जदाराने सहा वर्षे जेवताना ऐकले आहे. पेरूच्या गुटी कलमाला मुळे फुटावीत म्हणून तक्रारदार स्वतः चाळीस वर्षे जी पावडर लावत आले तीही संजीवकच होती. तीत नाना होता. हे अर्जदाराने त्यांना सांगून पाहिले. ते उठून गेले. विश्वजीतने पेरूचे एक झाडही कधी लावले नाही, तो शहरात कर्जाची प्रकरणे तपासतो. पण त्याच्या तोंडून वडिलांना ‘आप्पा, तुमचं बरोबर आहे’ एवढे ऐकायला मिळते, आणि त्यांना तेवढेच लागते. वर ‘वडिलांना’ हा शब्द चुकून पडला, तो ‘तक्रारदारांना’ असा वाचावा.

तक्रारदार रोज दुपारी जेवण झाल्यावर प्रयोगशाळेच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसत. तेथे पंखा आहे. नोंदवही तेथेच टेबलावर असते. ते ती चष्मा लावून वाचत, हे अर्जदाराला माहीत होते. त्यांना कामाची गोडी लागत असावी, असे सुरुवातीला अर्जदाराला वाटले होते.

११. आपण अर्जदाराला नोंदवहीची छायांकित प्रत दिलीत. तीत पान ४६ नंतर एकदम पान ४९ आहे. एक कागद नाही. आपल्या कोणाच्या ते लक्षात आलेले नाही. आदेशात त्याचा उल्लेख नाही, तक्रारीत नाही, विश्वजीतने मोबाइलवर काढून तक्रारीला जोडलेल्या फोटोंतही तो नाही. तो कागद दि. ११ जानेवारीचा होता. अर्जदाराने आईला विचारले. आईंना त्या फ्लॅटवर जायला मनाई नाही, त्या एक दिवसाआड डबा घेऊन जातात. त्या म्हणाल्या, “बंडी धुवायला मागितली तर देईना गेलेत. आतल्या खिशात कायतरी घडी करून ठिवलंय. हात लावू देत नायत.”

त्या पानावर काय होते ते अर्जदारास ठाऊक आहे, कारण ते तिच्या हातचे होते. दि. ११ जानेवारी रोजी सकाळी अर्जदाराने विहिरीकडची पेरूची शेवटची ओळ, सात झाडे, तोडायला माणसे बोलावली होती. जाळी वाढवायची होती. तक्रारदार पहिल्या झाडाला पाठ लावून उभे राहिले. करवत चालवणाऱ्या शिवमने मशीन बंद केले. तक्रारदार सगळ्यांसमोर म्हणाले, “हिला मूळ धरायला माझीच माती पायजे, आन् माझंच झाड आडवं येतंय.” अर्जदाराने माणसे परत पाठवली. आत येऊन तिने नोंदवही उघडली आणि तारीख घालून लिहिले : “बाप काढल्याशिवाय इथं मुळं धरणार नाहीत.” खाली दोन रेघा मारल्या.

महोदय, ऊती संवर्धनाच्या शास्त्राप्रमाणे हे वाक्य अचूक आहे. मुळे आणायच्या टप्प्यावर बी-ए-पी काढावेच लागते. कोणी विचारले असते तर अर्जदाराने हेच सांगितले असते, आणि लिहिताना तिला ते माहीत होते. पण त्या दिवशी प्रयोगशाळेत मीडिया केलेला नव्हता. मोनिका व सायली दोघी संक्रांतीच्या बाजाराला गेल्या होत्या. मुळे आणायची एकही बाटली टेबलावर नव्हती. त्या नोंदीतला बाप म्हणजे वडीलच होते. नोंदवही उघडीच टेबलावर ठेवून अर्जदार जेवायला गेली. दुपारी तेथे कोण येऊन बसतो हे तिला ठाऊक होते.

आपण काढलेल्या सर्व नोंदी चुकीच्या वाचल्या गेल्या. तक्रारदारांनी ती एक बरोबर वाचली.

आणि तीच त्यांनी आपल्याला दिली नाही. त्यांच्या जबाबाची प्रत अर्जदाराने चार वेळा वाचली. प्रश्न क्रमांक नऊ : “मुलगी आपणांस घराबाहेर काढू इच्छिते, असे कोठे लिहिलेले आढळले काय?” उत्तर : “तसं लिवलेलं माझ्या बघण्यात नाय.” त्या वेळी तो कागद त्यांच्या खिशात होता. रागाच्या भरात त्यांनी विश्वजीतला बाकी सगळी वही दाखवली, चार केला आणि उकळला आणि संपला, जे काही सापडेल ते, आणि सही ठोकली. ज्याने अर्जदाराचे खरोखर नुकसान झाले असते तेवढे एक पान मात्र त्यांनी आधीच फाडून घेतले होते. अर्जदाराला हे लपवता आले असते. वरील दहा परिच्छेद पुरेसे आहेत आणि ते सर्व खरे आहेत.

१२. सबब अर्जदाराची विनंती अशी :

तक्रारदारांची ना-हरकत नसतानाही आपल्या अधिकारात सील काढावे, ही पूर्वीची विनंती अर्जदार मागे घेत आहे.

त्याऐवजी या अर्जाचा परिच्छेद ११ तक्रारदारांना मोठ्याने वाचून दाखवावा. तो विश्वजीतने वाचू नये. लिपिक श्री. राजकुमार यांनी वाचावा, त्यांची बोली तक्रारदारांना परकी वाटणार नाही. ‘अर्जदार’ या शब्दापाशी त्यांनी ‘तनुजा’ असे वाचावे. एकही ओळ गाळू नये.

वाचून झाल्यावर ना-हरकतीचा कागद तक्रारदारांपुढे ठेवावा, आणि काही समजावून सांगू नये. त्यांनी सही केली तर ८ मार्चच्या आत सील काढावे. त्यांनी नाही म्हटले तर कुलूप तसेच राहू द्यावे. अर्जदार त्याविरुद्ध कोठेही दाद मागणार नाही व आपल्या कार्यालयात पुन्हा येणार नाही.

पान क्रमांक ४७-४८ आता पुरावा म्हणून आपल्या कामाचे झाले आहे, हे अर्जदारास समजते. तरीही ते तक्रारदारांच्या खिशातून काढून घेऊ नये. ते त्यांना लिहिलेले होते.

एवढे करावे, अधिक काही मागणे नाही.

आपली,
(सही)
तनुजा आप्पासाहेब औताडे
पडेगाव, दि. ३ मार्च २०२५

सोबत :
१) आदेशाची प्रत.
२) बी-ए-पीच्या रिकाम्या डबीचा फोटो, अक्षरे स्पष्ट दिसतील असा.
३) तापमापकाच्या नोंदी, दि. २५ फेब्रुवारी ते २ मार्च.
४) पान क्र. ४७-४८ : जोडलेले नाही.